बाबांच्या एंजल माशांसाठी हीटर मागवलाय

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

हीटर मी मागवला आहे, परवापर्यंत नाशिकला पोचेल. आधी विचारलं असतं तर बाबा "राहू दे, मी बघतो" म्हणाले असते आणि बघता बघता थंडी सरली असती. म्हणून विचारलं नाही. आई, पैशांचं काही बोलू नकोस, दिवाळीला तुम्ही मला काही घेऊ दिलं नाहीत, त्यातलंच समज.

बाबा पहाटे तीनला उठून पाणी तापवतात आणि टाकीत ओततात, हे तू फोनवर सहज बोलून गेलीस. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. ओली फरशी, हातात कढत पातेलं, आणि ऑपरेशनला अजून वर्षही झालेलं नाही. बाबा, तुमचा जीव त्या माशांत किती आहे ते मला ठाऊक आहे. पण घटकेत गरम, घटकेत गार अशा पाण्यानं मासे अशक्त होतात आणि मग अंगावर ते पांढरे ठिपके येतात, मागच्या जानेवारीत आले तसे.

आई, आपल्या गोल्डफिशना कधी हीटर लागला नाही हे खरं. पण तो थंड पाण्यातलाच मासा. एंजल ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, त्यांना 25-26 अंश लागतात. निफाडचा पारा घसरला की आपल्या हॉलमध्ये आपल्यालाच शाल लागते, त्यांनी काय करावं?

बाबा, तुम्ही 300 वॅटचा म्हणत होतात. मी मुद्दाम 100 चा घेतला. आपली टाकी दोन फूट बाय एक, उंची सव्वा फूट. खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर साठेक लिटर पाणी. लिटरला एक वॅट असा ढोबळ हिशोब, त्यात नाशिकच्या थंडीसाठी थोडी भर. ठरलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद करणारा थर्मोस्टॅट कधी चालू अवस्थेतच अडकला, तर 300 वॅट पाणी दर पंधरा मिनिटांना जवळजवळ एक अंश चढवेल. सकाळी उठेपर्यंत काही उरायचं नाही. 100 चा असेल तर तुमच्या लक्षात यायला वेळ मिळतो. आणि बादलीतला रॉड टाकीत घालायचा विचारही नको, त्याला थर्मोस्टॅटच नसतो.

काचेच्या नळीवर प्लॅस्टिकची जाळी आहे. आकडे टाकीबाहेरच्या डबीवर मोठे दिसतात, मोतीबिंदूच्या डोळ्यांनाही वाकावं लागणार नाही. निम्मा वेळ चालला तरी दिवसाला सव्वा युनिटच्या आसपास वीज जाईल. सोबत वेगळा थर्मामीटर पाठवते आहे, दोन्हींचे आकडे रोज ताडून बघायचे.

बाबा, आपण मासे आणायला जायचो तेव्हा पिशवी मी स्वेटरच्या आत धरून बसायचे. स्कूटरच्या वाऱ्यानं पाणी गार होईल म्हणून तुम्हीच सांगितलं होतंत. घरी पोचेपर्यंत माझा फ्रॉक ओला व्हायचा आणि आई तुम्हालाच रागवायची. त्या वेळी तुम्ही माझ्यासाठी केलंत तेवढंच आता मला करू द्या.

आता नीट ऐका. हीटर फिल्टरच्या प्रवाहाजवळ, पाण्याच्या खुणेच्या खाली पूर्ण बुडवून लावा. अर्धा तास तसाच पाण्यात राहू द्या, मगच बटण. पहिल्याच दिवशी 26 वर नेऊ नका, रोज एकेक अंश वाढवा. वायर प्लगच्या खाली लोंबती सोडायची, म्हणजे थेंब वायरीवरून ओघळून सॉकेटात जाणार नाहीत. पाणी बदलताना वीस मिनिटं आधी प्लग काढायचा, कारण तापलेली काच उघडी पडली की तडकते. आणि प्लग काढल्याशिवाय टाकीत हात घालायचा नाही. कधीच नाही. आई, हे तू बघायचंस, बाबा विसरतात.

वीज गेली तर घाबरू नका, साठ लिटर पाणी लगेच गार होत नाही. टाकीभोवती जुनी गोधडी गुंडाळा आणि झोपा. गरम पाणी ओतायचं नाही.

दादाला प्लगजवळचं अर्थिंग तपासून घ्यायला सांगितलं आहे, तो रविवारी वायरमनला घेऊन येईल. तोवर खोका उघडू नका. बाबा, मनावर घेऊ नका, पण तो आल्याशिवाय नाहीच. आणि आजपासून रात्रीचं पातेलं बंद.

तुमची,
लेक