भिंत आमची, रीडिंग तुमचं: पुण्यात सातारा रस्त्यावरच्या भुयारी मेट्रो स्थानकाच्या कामाबद्दल तक्रार

प्रति,
जनसंपर्क विभागप्रमुख, बांधकाम कंत्राटदार कंपनी
(तुमच्या फलकावर कंपनीचं नाव, बोधचिन्ह आणि ‘आजची गैरसोय, उद्याची सोय’ हे सगळं आहे. जबाबदार माणसाचं नाव नाही, म्हणून पत्र पदाला लिहीत आहे.)

विषय: भुयारी स्थानकाच्या कामाची रहिवाशांना मिळणारी माहिती, आमच्या इमारतीवर लावलेल्या मीटरची रीडिंग आणि काल संध्याकाळचा फोन.

महोदय,

काल संध्याकाळी तुमच्या हेल्पलाइनवर मला जे ऐकवलं गेलं, त्यानंतर मी पुन्हा फोन करणार नाही. आता जे काही असेल ते लेखी.

मी सातारा रस्त्यालगतच्या एका तीन मजली सोसायटीची सचिव. कुठली सोसायटी ते सांगायची गरज नसावी, कारण खोदकामाआधी तुमचीच माणसं येऊन तिच्या जिन्यापासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढून गेली आहेत. आमच्या फाटकासमोर तुमचं बॅरिकेड आहे. मधल्या जागेत दुधाची गाडी उभी राहिली की ॲम्ब्युलन्स आत येऊ शकत नाही.

एक आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना ‘विकासविरोधी’ हा शिक्का शोधायला नको. मी रोज स्वारगेटहून मेट्रोनं डेक्कनला कामाला जाते. २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा टप्पा सुरू झाला, तेव्हापासून माझी दुचाकी घरीच असते. त्याच दिवशी स्वारगेट–कात्रज मार्गाचं भूमिपूजन झालं तेव्हा आम्हाला आनंदच झाला होता. सुरुवातीला या मार्गावर मार्केट यार्ड, पद्मावती आणि कात्रज अशी तीनच स्थानकं होती. लोकांनी लावून धरलं म्हणून बिबवेवाडी आणि बालाजीनगर वाढली, आणि त्या निवेदनांवर आमच्या सोसायटीच्याही सह्या आहेत. खणलेला रस्ताही आम्हाला नवा नाही. २००६ साली बीआरटी, म्हणजे बससाठीची वेगळी मार्गिका, आली ती याच रस्त्यावर. तिचे थांबे, दुभाजक, रेलिंग बांधताना आणि पुन्हा तोडताना आम्ही इथेच राहत होतो. धूळ खायची सवय आहे. राग कशाचा येतो ते आता सांगते.

तुमचं पाक्षिक वार्तापत्र नियमित येतं, त्याबद्दल तक्रार नाही. व्हॉट्सॲपवर येतं, ईमेलवर येतं, आणि एक छापील प्रत वॉचमनच्या केबिनमध्येही येते (तो तिच्यावर डबा ठेवतो). मागच्या अंकात पहिल्या पानावर पांढरी हेल्मेट घातलेले साहेब एका खड्ड्याकडे कौतुकानं बघत होते. आत ४ मार्चपासूनच्या सुरक्षा सप्ताहातली शपथ, कामगारांची आरोग्य तपासणी आणि रोपांबरोबरचे फोटो. शेवटच्या पानावर ‘तुम्हाला माहीत आहे का?’ या चौकटीत जिल्हा न्यायालय स्थानक जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आहे, ही माहिती. अहो, मी तिथेच रोज गाडी बदलते. तिथून वरच्या फलाटावर यायला किती सरकते जिने लागतात ते मला विचारा, मीच तुम्हाला चौकट लिहून देते. ५.४६ किलोमीटर लांबी, मूळ मंजुरीतला २,९५४ कोटींचा खर्च, फेब्रुवारी २०२९ची मुदत हे आकडे तर आमच्या सोसायटीतल्या पोरांनाही पाठ झाले आहेत, कारण प्रत्येक अंकात तेच असतात.

नसतं ते एवढंच: आज रात्री ब्रेकर चालणार आहे का? किती वाजेपर्यंत? उद्या आमच्या गल्लीतून गाडी बाहेर निघेल का?

रात्रीच्या कामाचा तुमचा मेसेज येतो तो काम सुरू झाल्यावर. ‘आज रात्री १० पासून अत्यावश्यक काम करण्यात येईल, सहकार्य करावे’ हा निरोप मला पावणेबाराला मिळतो. तेव्हा मी खिडकीत उभी राहून ते अत्यावश्यक काम डोळ्यांनी बघत असते आणि दिवाणावर सासूबाई कानात कापूस घालून बसलेल्या असतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मर्यादा ४५ डेसिबलची आहे. तुमच्या ब्रेकरशेजारी उभं राहून ४५ डेसिबल मोजून दाखवणाऱ्याचा आम्ही शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू. इथे खाली काळा पाषाण आहे, तो फुंकर मारून फुटत नाही, हे मला मान्य आहे. पण तो कधी फोडणार ते दुपारी चारला सांगायला काय हरकत आहे? आदल्या दिवशी ठरल्याशिवाय तर क्रेन येत नाही, डंपर येत नाहीत, ट्रॅफिक पोलीसही येत नाही. म्हणजे सगळ्यांना आधी माहीत असतं आणि झोपणाऱ्यालाच नसतं.

जलवाहिनी हलवली तेव्हाही हेच झालं. गुरुवारी महापालिकेचं पाणी बंद असणं पुणेकराला नवं नाही, आम्ही बुधवारी पिंपं भरून ठेवतो. तुम्ही मंगळवारी तोडलीत. निरोप बुधवारी सकाळी आला, ‘काम यशस्वीरीत्या पूर्ण’ या मथळ्याखाली.

आता कालच्या फोनबद्दल.

आमच्या पूर्वेच्या भिंतीवर तुम्ही तडा किती रुंदावतो ते मोजणारं क्रॅक मीटर लावलं आहे. वर चकाकणारी टार्गेट आहेत, जिन्याखाली इमारत किती कलते ते मोजायची टिल्ट प्लेट आहे. रस्त्यापलीकडे तिवईवर यंत्र लावून तुमचा मुलगा रीडिंग घेतो. मुलगा सभ्य आहे, विचारलं की ‘ऑफिसला विचारा’ म्हणतो. गेल्या आठवड्यात त्या मीटरच्या डाव्या बाजूला प्लास्टरवर नवा तडा दिसला. तळमजल्यावरच्या आजोबांनी पेन्सिलनं त्याच्या टोकाशी तारीख लिहिली. दोन दिवसांत तडा तारखेच्या पुढे गेला. म्हणून मी ऑफिसला विचारलं.

मराठीसाठीचा आकडा दाबला, संगीत ऐकलं, मग एक तरुण आवाज आला. मी मीटरचं ठिकाण सांगून रीडिंग विचारलं.

‘मॅडम, तुमची बिल्डिंग सिस्टीममध्ये दिसत नाहीये.’

मी म्हटलं, तुमची सिस्टीम माझ्या भिंतीवर दिसते आहे.

‘ते दुसऱ्या एजन्सीचं असेल.’

त्यावर तुमच्या कंपनीचं स्टिकर आहे, क्रमांक आहे, वाचून दाखवू का? दाखवला. पुन्हा संगीत. मग: ‘मॅडम, रीडिंग नॉर्मल आहे.’

आत्ता तर इमारतच दिसत नव्हती!

‘सिस्टीम रिफ्रेश केली.’

नॉर्मल म्हणजे किती? ‘नॉर्मल म्हणजे रेंजमध्ये आहे.’ रेंज काय? ‘ते टेक्निकल आहे मॅडम, तुम्हाला नाही कळणार.’ मी इतरांच्या हिशेबातले आकडे तपासून पोट भरते. मिलिमीटर ही काही गुप्त लिपी नाही. सातवीतला मुलगासुद्धा पट्टीवर मोजतो. मी वरिष्ठांना फोन द्यायला सांगितलं.

वरिष्ठ आले. त्यांनी आधी ‘ताई’ म्हटलं, तेव्हाच मला पुढचं कळायला हवं होतं. म्हणाले, ‘ताई, इमारत किती जुनी आहे? मग तडा जुनाच असणार.’ मी म्हटलं, तुमच्या पाहणीचे फोटो आहेत, त्यात ही भिंत बघा आणि सांगा तडा होता की नव्हता. ‘फोटो सर्व्हे एजन्सीकडे आहेत.’ मग पाहणी अहवालाची आमची प्रत द्या. ‘ती इंटर्नल असते.’ मग निदान मीटरचा आकडा द्या. आणि तेव्हा त्यांनी अगदी शांतपणे, लहान मुलाला समजवावं तसं, हे वाक्य उच्चारलं:

‘ताई, भिंत तुमची आहे, मान्य. पण मीटर आमचं आहे, म्हणजे रीडिंग आमचं झालं ना? काही प्रॉब्लेम असता तर तुम्हाला अपडेट आलंच असतं.’

भिंत आमची. तडा आमचा. पडली तर ढिगाराही आमचाच. फक्त ती किती हलली हा आकडा तुमचा. आणि काळजी का करायची नाही, तर तुमचं अपडेट आलं नाही म्हणून. म्हणजे रात्रीच्या कामाचं जे पावणेबाराला येतं आणि पाणी तुटल्याचं जे दुसऱ्या दिवशी येतं, ते!

एवढ्यावरही मी आवाज चढवला नाही. ते म्हणाले, ‘देशाच्या कामासाठी थोडं सहन करायला हवं.’ मी विचारलं, आपण राहता कुठे? ‘पर्सनल प्रश्न नको, ताई.’ बरं. ‘तक्रार बंद करू का?’ मी नाही म्हटलं. स्पष्ट नाही म्हटलं. फोन ठेवला आणि मेसेज आला: ‘आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण करण्यात आले आहे.’

कोणाचं समाधान झालं त्यांचं नाव कळवा, मी त्यांचं अभिनंदन करीन.

तुम्हाला तुमचं काम शिकवायची माझी इच्छा नाही. सावध व्हायची अलर्ट लेव्हल काय, पावलं उचलायची ॲक्शन लेव्हल काय, कंपन मिलिमीटर प्रति सेकंदात कसं मोजतात, कुठल्या आकड्याला काम थांबवतात, हे सगळं तुमच्या कागदपत्रांत लिहिलेलं असणारच. पहिल्या टप्प्यात बोगदे मुठेच्या पात्राखालून गेले, पेठांच्या दाटीतून जुन्या वाड्यांना खेटून कसबा पेठ आणि मंडईपर्यंत आले. त्यामुळे या शहरात असं काम पहिल्यांदाच होतं आहे, ही सबबही उरलेली नाही. आकडे आहेत. रोज घेतले जातात. ते ज्याच्या घराचे आहेत त्यालाच दिसू नयेत, हा निर्णय कोणीतरी घेतला आहे. तो कोणी घेतला, एवढंच मला विचारायचं आहे.

तुमच्या ‘नागरिक संवाद’ बैठकीबद्दलही लिहिते. ती भरते कामाच्या दिवशी सकाळी अकराला. आमच्यातर्फे दोन निवृत्त सभासद गेले आणि चहा पिऊन परत आले. त्यांनी कात्रजच्या नळाबद्दल विचारलं होतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाणी आणलं, ती वाट याच बाजूनं येते. २०१९ मध्ये स्वारगेटला खणताना जुनं भुयार लागलं होतं, ते आम्ही विसरलेलो नाही. तेव्हा नळ कुठे आणि तुमचं खोदकाम कुठे, एखादा नकाशा आहे का, असा साधा प्रश्न होता. ‘हेरिटेज आमच्या स्कोपमध्ये नाही’ असं उत्तर मिळालं. त्या नळाला हवा खेळावी म्हणून ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे वर उघडणारी तोंडं, ठेवले होते, आणि तिथून माणसाला आत बघताही येत होतं. अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी खालचं वरच्याला कळावं याची सोय होती. तुमच्याकडे हेल्पलाइन आहे.

बोअरचं पाणी गढूळ येतं, ते वेगळं. खड्ड्यातून उपसलेलं पाणी तुम्ही पाइपनं पावसाळी गटारात सोडता, त्याच वेळी आमच्या दारात टँकर उभा असतो. याचीही नोंद तुमच्याकडे ‘निकाली’ म्हणूनच असेल.

तेव्हा मागण्या. आमच्या इमारतीच्या पूर्वपाहणीचा अहवाल फोटोंसकट द्या. तिन्ही प्रकारच्या उपकरणांची पहिल्या दिवसापासूनची रीडिंग आणि त्यांच्या मर्यादा द्या, ‘नॉर्मल’ हा शब्द न वापरता. रात्रीचं काम आदल्या संध्याकाळपर्यंत कळवा. हे पुन्हा लिहिते, कारण ते कोणी वाचत नाही असं दिसतं: आदल्या संध्याकाळपर्यंत. आणि तडा बघायला खुर्चीतला नव्हे, इंजिनिअर पाठवा. पेन्सिलची तारीख आम्ही पुसलेली नाही.

पंधरा दिवसांत हे झालं नाही, तर ज्या सरकारी महामंडळानं तुम्हाला हे काम दिलं त्यांच्याकडे माहिती अधिकारात अर्ज जाईल. तिथे ‘इंटर्नल’ एवढं उत्तर पुरत नाही, कायद्याचं कलम दाखवावं लागतं. आवाजाची तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि पोलीस चौकीत जाईल. सोसायटीनं स्वतःचा स्ट्रक्चरल ऑडिटर बोलावला आहे, त्याच्या फीचं बिल तुमच्या नावानं येईल. बॅरिकेडच्या आमच्या बाजूला भरपूर मोकळी जागा आहे. तिथे आम्हीही एक फलक लावू शकतो: तड्याचा फोटो, रोजची तारीख, आणि खाली तुमच्या वरिष्ठांचं ते वाक्य. सिग्नलला थांबणाऱ्यांना वाचायला वेळ भरपूर असतो, तोही तुमच्याच कृपेनं.

उत्तर लेखी हवं, मराठीत हवं, सहीखाली माणसाचं नाव हवं. फोन करू नये.

सचिव,
सोसायटीच्या व्यवस्थापक समितीच्या वतीनं

सोबत: तड्याचे फोटो, पेन्सिलच्या तारखेसह, ‘समाधानकारक निराकरणा’च्या मेसेजची प्रत, रात्री पावणेबाराला आलेल्या सूचनांच्या प्रती.