तुम्ही मला बंदूक घेऊ दिली नाहीत, काका

काका, सा. न. वि. वि.

तुमच्यासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "असू दे, असू दे, आधी नळी उघड" म्हणता आणि खंदकातल्या मशीनकडे चालू पडता. फोनवर तर दुसऱ्याच वाक्याला तुमची बॅटरी संपते. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. नाव घालत नाही, तुम्हाला आवडणार नाही. नेमबाजीच्या रेंजवरच्यांना कळायचं ते कळेलच.

आभार कशाचे, तर खेळासाठी स्वतःची बंदूक तुम्ही मला आठ महिने घेऊ दिली नाहीत त्याचे.

माझं हे वेड ऑगस्ट 2024 मधलं. पॅरिस ऑलिंपिकला महेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंग नारुका मिश्र स्कीटच्या ब्राँझसाठी खेळत होते आणि 44-43 असे एका क्लेने, म्हणजे हवेत फेकलेल्या एका चकतीने, हरले. मी ऑफिसात मोबाइल टेबलाखाली धरून बघत होते. त्याआधी वरळीच्या रेंजवर दोन वर्षं एअर रायफल केली होती, त्यामुळे नेमबाजी म्हणजे श्वास धरून पुतळ्यासारखं उभं राहायचं, एवढंच डोक्यात. इथे माणूस कमरेतून वळतोय काय, हवेतली चकती फुटून धूर काय! पण मुंबईत हे खेळायचं कुठे? छर्रे दोनशे मीटर लांब जाऊन पडतात. एवढी मोकळी जागा दिसली तर बिल्डर आधी पोहोचतो. मग रविवारी पहाटे माहीमहून निघून घाट चढायचा, हे ठरलं.

तिथे तुम्ही भेटलात. बेस्टच्या डेपोतून फिटर म्हणून निवृत्त झालेले, रेंजवर क्ले फेकणारी मशीन दुरुस्त करायला म्हणून आलेले आणि मग तिथेच रमलेले. स्पर्धेत कधी उतरला नाहीत. ट्रॅप म्हणजे समोरच्या खंदकातून दूर उडणारे क्ले फोडायचे. त्या खंदकात पंधरा मशीन असतात, तीन-तीनच्या पाच गटांत, आणि प्रत्येकीने क्ले शहात्तर मीटरवर टाकायचा. तो पंच्याहत्तरच्या आत पडला तर तुम्हाला जेवण जात नाही, हे मी पाहिलंय. मला वाटायचं, हा माणूस मशीनचा, बंदुकीतलं याला काय कळणार. चुकलंच माझं. पाया पडते.

परवान्याची कथा लांबवत नाही. क्लबचं पत्र, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, क्रॉफर्ड मार्केटच्या कमिशनर ऑफिसात हेलपाटे. पोलीस घरी चौकशीला आले तेव्हा आईने त्यांना पोहे दिले आणि "मुलगी तशी शांत आहे" असं सांगितलं. त्या "तशी"वर हवालदार जरा थांबले, पण परवाना मिळाला.

आणि दुसऱ्याच शनिवारी मी तुम्हाला फोर्टातल्या एका जुन्या दुकानात घेऊन गेले. 2019 च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, तेव्हापासून लोकांच्या कपाटांतल्या जुन्या दुनळ्या बाहेर पडल्या, असं तुम्हीच म्हणाला होतात. तिथे मी एक आधीच हेरून ठेवली होती. शेजारी-शेजारी दोन नळ्या, विलायती, बाजूच्या पट्टीवर उडणारी बदकं कोरलेली. किंमत माझ्या आवाक्यातली. मी मनात तिचं नावसुद्धा ठेवलं होतं. (सांगणार नाही.)

तुम्ही बदकांकडे बघितलंही नाहीत. आधी नळ्या उघडायची वरची खिट्टी बघितलीत. नव्या बंदुकीत ती बंद केल्यावर मधल्या रेषेच्या किंचित उजवीकडे थांबते, कुलूप झिजत जातं तशी डावीकडे सरकते. हिची मधली रेषा ओलांडून गेलेली. मग पुढचं लाकूड काढून नळ्या परत जोडल्यात, बंदूक कानाशी धरलीत आणि हलकेच हलवलीत. खट. दुकानदार म्हणाला, "एवढं असतंच जुन्यात." तुम्ही मला कान लावायला सांगितलंत. मला आधी काहीच ऐकू आलं नाही, मग आलं, आणि एकदा आल्यावर ते थांबेना. नळ्या ट्यूबलाइटकडे धरल्यात. आत प्रकाशाची एकात एक गोल कडी दिसतात, तसं दिसायला हवं. डाव्या नळीत मध्यावर एक कडं एका बाजूने चेपलेलं होतं. शेवटी तुम्ही खिशातून मोजपट्टी काढलीत. काडतुसाचं घर 65 मिलिमीटरचं. आजची काडतुसं 70 ची. "बसतं की आत," मी काडतूस घालून दाखवलं. तेव्हा तुम्ही समजावलंत, की बसणारच, कारण 70 ही उडाल्यावर तोंड उलगडलेल्या काडतुसाची लांबी. ते उलगडायला पुढे जागा नसली की आतला दाब वाढतो, आणि तुझा गाल तिथून वीतभर लांब असतो.

"भिंतीला छान दिसेल," एवढंच दुकानदाराला म्हणालात. मी सीएसएमटीपर्यंत तुमच्याशी बोलले नाही.

त्या रागात मी नवीच घ्यायची ठरवली. नवी म्हणजे कटकट नाही. तुमचं म्हणणं, हे फ्रिजच्या बाबतीत खरं. आपल्या सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीची नवी बाराबोर दणकट असते, वर्षानुवर्षं चालते. तुमच्या वडिलांकडे कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर तशीच होती आणि रानडुकरांना तिची दहशत होती. पण डुक्कर समोरून येतं, क्ले डावी-उजवीकडे पंचेचाळीस अंशांपर्यंत कुठेही पळतो, आणि एका राउंडला असे पंचवीस. त्या कामाला वरखाली नळ्यांची, साडेतीन किलोच्या आसपास वजनाची, मऊ चापाची बंदूक लागते. तशी परदेशी नवी मागवायची सवलत नामवंत खेळाडूंना. माझं नाव तेव्हा क्लबच्या वहीतसुद्धा चुकीचं लिहिलेलं होतं. म्हणजे सेकंडहँडच, आणि तीही घाई न करता. तोवर क्लबची बंदूक.

पण घाई न करण्याचं खरं कारण तुम्ही नंतर शोधलंत. पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक पाडून आणलंत, दोन्ही हात लांब करून त्यातून मशीनवरचा दिवा बघायला लावलात, मग एकेक डोळा मिटायला सांगितलात. डावा मिटला की दिवा गायब. तीनदा तेच. मी उजव्या हाताची आणि डोळा डाव्याचा! चार महिने मी प्रत्येक क्लेच्या डावीकडे का मारत होते, ते त्या पुठ्ठ्याने सांगितलं. एअर रायफलला डाव्या डोळ्यावर झापड असायची म्हणून हे कधी कळलंच नव्हतं.

चष्म्याला चिकटपट्टी लावून भागवता आलं असतं. तुम्ही म्हणालात, "अजून तुला येतंय काय म्हणून विसरायला त्रास होईल? खांदा बदल." तीन आठवडे मी डाव्या हाताने जेवल्यासारखी नेम धरत होते. सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत, ते लक्षात आहे.

आता गंमत बघा. फोर्टातल्या त्या बदकवालीचा दस्ता उजव्या खांद्यासाठी बाहेर वळवलेला होता. ती घेतली असती तर डाव्या खांद्यावर तिची नळ्यांवरची नेमाची पट्टी माझ्या डोळ्यासमोर कधीच आली नसती, आणि मी स्वतःलाच दोष देत बसले असते.

मिळाली ती नाशिकच्या एका गृहस्थांची. खांद्याचं ऑपरेशन झाल्यामुळे खेळ सुटलेला. बेरेटा 682, तीस इंची नळ्या, गालाखालचं लाकूड वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकवता येणारं. या कंपनीची नळ्यांची सर्वांत जुनी नोंद 1526 ची, म्हणजे पानिपतच्या पहिल्या लढाईचं साल, हे मी कौतुकाने सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "ही त्यातली नाही ना, एवढं बघ." पुन्हा कानाशी धरणं, पुन्हा ट्यूबलाइट. नळी, बॉडी आणि पुढचं लाकूड, तिन्हींवर नंबर एकच. चोक, म्हणजे छर्रे किती पसरायचे ते ठरवणारे नळीच्या तोंडातले तुकडे, हाताने सुटले. हजारो काडतुसं उडालेली होती आणि तुम्हाला त्याचं काही नव्हतं. उलट खूश झालात, कारण गृहस्थ नाशिकचे. मुंबईच्या समुद्राकाठी दहा वर्षं कपाटात झोपलेल्या बंदुकीपेक्षा घाटावर रोज राबलेली बरी, हा तुमचा सिद्धांत. माझ्या माहीमच्या घरात पहिल्याच पावसाळ्यात तो पटला. संध्याकाळी नळी पुसायची राहिली, सकाळी माझ्या अंगठ्याचा ठसा तांबूस रंगात तिच्यावर उमटलेला, रेषान् रेषा मोजता येईल असा. तेव्हापासून ती फोमच्या पेटीत ठेवत नाही.

खाजगी विक्रीला पोलिसांना लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावं लागतं. तेवढ्या दिवसांत तुम्ही मला घरी आरशासमोर उभं केलंत. हातात झाडूचा दांडा, डोळे मिटून खांद्याला लावायचा, मग डोळे उघडायचे. रोज पन्नास वेळा. आईला वाटलं परवान्याची फाइल डोक्यात गेली.

बंदूक आल्यावर दस्ता मला लांब पडला. पाच फूट दोन इंच उंची, दुसरं काय होणार. मी सुतार शोधू लागले तर तुम्ही करवत दाखवूनच दम दिलात, की कापलेलं लाकूड वाढत नाही. आधी मागचं जाड रबर काढून पातळ लावलं. तेवढ्यात काम झालं.

आणि तो खाकी कागद! पस्तीस मीटरवर ताणून बांधलात, एक बार काढायला लावलात आणि मग मला पेन दिलंत. चोवीस ग्रॅमच्या काडतुसात साडेसात नंबरचे तीनशेच्या आसपास छर्रे. कुठे किती पडले ते मोज. रविवारची दुपार, ऊन, आणि मी कागदावर ओणवी होऊन एकेका भोकाला टिंब देतेय. नेम धरलेल्या जागेच्या वर जास्त, खाली कमी. मला वाटलं बंदूक बिघडली. पण ट्रॅपचा क्ले चढताच असतो, बंदूक जरा वरच मारायला हवी, म्हणजे क्ले नळीमागे झाकला जात नाही. गालाखालचं लाकूड दोन मिलिमीटर उजवीकडे सरकवलंत, दुसरा कागद बांधलात. पुन्हा मोज.

एक राहिलं. एका सकाळी मी नळी न उघडता, बंदूक बंद ठेवूनच मागे वळले, कुणाला तरी हाक मारायला. रिकामी होती. तुम्ही एक शब्द न बोलता ती माझ्या हातातून काढून घेतलीत आणि मला झाडाखाली बसवलंत, सगळी सकाळ. चहा सगळ्यांना आला, मला नाही. त्या दिवशी तुमचा राग आला होता. आता नवी मुलं वळताना दिसली की माझाच हात आधी पुढे जातो.

मागच्या रविवारी पंचवीसपैकी अठरा झाले. तुम्ही खंदकात होतात, तुम्हाला दिसलं नाही, आणि मी सांगितलं तर तुम्ही "सात कुठे गेले" विचारणार. चार डावीकडच्या मशीनवर गेले. बाकीचे तीन मला खरंच माहीत नाहीत, येऊन बघा.

या रविवारी पावणेपाचला गाडी खाली आणते. कागद आणि पेन आणलंय. मिसळीचे पैसे मी देणार.

तुमची,
माहीमची डावखुरी