पाचशे डॉलरच्या घराची घरपट्टी

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली लिलावाची यादी बाबांनी मला मोठ्या स्क्रीनवर उघडून दिली आणि परवापासून मी तीच वाचत बसले आहे. चौघा मित्रांनी मिळून वेन काउंटीच्या, म्हणजे डेट्रॉइट शहर ज्या जिल्ह्यात येतं त्याच्या, लिलावात घरपट्टी थकून जप्त झालेली दोन-तीन घरं घ्यायची, डागडुजी करून भाड्याने लावायची आणि तुझ्या हिश्शासाठी इथली एफडी मोडायची, असा तुमचा बेत दिसतो. बाबा तयारच आहेत. पाचशे डॉलरपासून बोली, म्हणजे चाळीसेक हजार रुपयांत अख्खं घर, हे ऐकून ते दोन दिवस हवेत आहेत. इथे तेवढ्यात धड स्कूटर येत नाही.

माझं मत वेगळं आहे. फोनवर सांगायला गेले की तू म्हणतोस, "आई, तुला तिथलं माहीत नाही." तिथलं नसेल माहीत, पण घरपट्टी माहीत आहे. महापालिकेच्या करसंकलन खात्यात माझी उभी नोकरी गेली. मागणी बिलं, शास्ती, जप्तीच्या नोटिसा, थकबाकीदाराच्या दारात बँड वाजवायला नेलेलं पथक, सगळं केलंय. त्यामुळे ही यादी वाचताना मला घरं दिसत नाहीत, थकबाकीचे रकाने दिसतात.

आधी एक गोष्ट, जी आपल्या माणसाला पटतच नाही. घराचा भाव पडतो. नुसता थांबत नाही, पडतो, आणि वर्षानुवर्षं पडलेला राहतो. मुंबईत गिरण्या बंद पडल्या, कामगार देशोधडीला लागले, पण त्याच गिरण्यांच्या जमिनीला सोन्याचा भाव आला, कारण शहरात माणसं येतच राहिली. डेट्रॉइटमध्ये काम गेलं आणि मागोमाग माणसंही गेली. १९५० मध्ये साडेअठरा लाखांचं शहर, २०२०च्या जनगणनेत ६ लाख ३९ हजारांवर आलं. कारखाने आधी शहराबाहेर गेले, मग दक्षिणेकडच्या राज्यांत, मग मेक्सिकोत. गोरी कुटुंबं शहराच्या उत्तर हद्दीवरचा एट माइल रोड ओलांडून पलीकडे गेली. काळ्यांना तसं जाता आलं नाही, कारण त्यांच्या वस्त्या कर्जाच्या नकाशांवर लाल रंगाने रंगवलेल्या होत्या, म्हणजे तिथल्यांना कर्ज मिळेना. १९४१ मध्ये तिथे एका बिल्डरने काळ्यांची वस्ती आणि गोऱ्यांसाठीची नवी वसाहत यांच्यामध्ये चक्क भिंत बांधली, कारण त्याशिवाय सरकार कर्जाला हमी देईना. ती भिंत अजून उभी आहे आणि एट माइलला लागूनच आहे. तुम्ही राहता नोव्हायला, म्हणजे त्या रस्त्याच्या वरच्या बाजूला. तुझ्या मंडळींपैकी किती जण खाली उतरून शहरात गेलेत, विचारून बघ. ऑफिस आणि बेसबॉलची मॅच सोडून.

मग २००८ आलं. परतफेड झेपणार नाही अशा लोकांना वाटलेली कर्जं बुडाली, २००९ मध्ये जनरल मोटर्स आणि क्रायस्लर दोन्ही दिवाळखोरीत गेल्या, आणि शहरातली घरं जुन्या गाडीच्या भावात जाऊ लागली. जुलै २०१३ मध्ये खुद्द शहरानेच दिवाळखोरी जाहीर केली. इथवर तुला सगळं ठाऊक असेल. तुझ्या कंपनीत तेव्हाचे लोक अजून असतील.

मला जे सांगायचंय ते यापुढचं आहे. बाजारातला भाव पडला की मालमत्तेचं मूल्यांकनही खाली यायला हवं. मिशिगन राज्याच्या घटनेतच लिहिलंय की मूल्यांकन बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त करता येणार नाही. डेट्रॉइटमध्ये भाव कोसळले आणि दप्तरातले आकडे बरीच वर्षं वरच राहिले. हिशेब करून बघ. घर वीस हजार डॉलरचं झालंय, तर कर जास्तीत जास्त दहा हजारांवर लागायला हवा. तिथला दर राहत्या घराला हजारी सत्तरच्या आसपास, म्हणजे वर्षाला सातशे डॉलर. पण दप्तरात आकडा तीस हजार राहिला असेल तर बिल येणार एकवीसशेचं. वीस हजारांच्या घराला वर्षाला एकवीसशे! दहा वर्षांत माणूस घराची किंमत पुन्हा एकदा महापालिकेला देऊन बसेल. बर्नाडेट अटुआहेने नावाच्या कायद्याच्या प्राध्यापक आहेत, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने हे आकडे तपासले. २००९ ते २०१५ या काळात शहरातल्या निम्म्याहून जास्त राहत्या घरांचं मूल्यांकन घटनेच्या मर्यादेबाहेर होतं, असं त्यांना आढळलं. आणि २०११ ते २०१५ या पाच वर्षांत शहरातल्या दर चारांपैकी एका मालमत्तेवर करापायी जप्ती आली. चारात एक! आमच्या खात्यात कुणी असा आकडा मांडला असता तर साहेबांनी आधी मूल्यांकनाची फाइल मागवली असती, थकबाकीदारांची नव्हे. तिथे सगळ्या शहराचं फेरमूल्यांकन पूर्ण व्हायला २०१७ उजाडलं.

व्याजाचा प्रकारही बघ. थकबाकी काउंटीकडे गेली की ती शहराला पैसे आगाऊ देऊन टाकते आणि मग मालकाकडून व्याज-खर्चासकट वसूल करते. व्याज वाढत वाढत वर्षाला १८ टक्क्यांवर जातं. आपल्याकडची शास्ती महिन्याला दोन टक्के, तीही काही कमी नाही, पण आमच्याकडे नळ तोडायचा, गाळ्याला टाळं ठोकायचं, अभय योजनेत दंड माफ करायचा. राहतं घर विकेपर्यंत प्रकरण क्वचितच जायचं. तिथे १९९९च्या कायद्याने तीन वर्षं थकली की घर गेलं. सप्टेंबरच्या फेरीत थकबाकीइतक्या किमतीला, नाही खपलं तर ऑक्टोबरमध्ये पाचशेपासून. डेट्रॉइटमध्ये थकलेलं पाणीबिलसुद्धा घरपट्टीत चढवत. म्हणजे नळाच्या बिलात घर जाऊ शकत होतं.

यातली सगळ्यात टोचणारी गोष्ट अशी, की ज्यांची घरं गेली त्यांतल्या कितीतरी जणांना कर लागायलाच नको होता. गरीब घरमालकाला तिथे करमाफी आहे. पण अर्ज तेव्हा दरवर्षी नव्याने करावा लागे, आणि असा अर्ज असतो हेच अनेकांना माहीत नव्हतं. यावरून २०१६ मध्ये खटला झाला, २०१८ मध्ये तडजोड झाली आणि काही कुटुंबांना आपलंच घर हजार डॉलर भरून परत घेता आलं. काउंटरवर बसणाऱ्या बाईच्या नजरेने सांगते, सवलत आहे पण सांगायची नाही, हा प्रकार मी पुष्कळ पाहिलाय. त्यात कुणी दुष्ट असावं लागत नाही. रांग लांब असली की पुरतं.

तुझ्या ओकलंड काउंटीचंही ऐक. तिथे एका गृहस्थांची घरपट्टी ८ डॉलर ४१ सेंटने कमी भरली गेली. व्याज-खर्च धरून ते झाले पावणेतीनशेच्या वर. त्यासाठी घर गेलं साडेचोवीस हजारांना, आणि वरचे सगळे पैसे काउंटीने ठेवून घेतले. राफेली यांचा हा खटला मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जुलै २०२०मध्ये निकाल लागला की वरचे पैसे मालकाचेच. २०२३मध्ये मिनेसोटातल्या एका वृद्ध बाईंच्या खटल्यात देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही एकमताने तेच सांगितलं. त्याआधी ज्यांनी ज्यांनी स्वस्तात घरं उचलली, त्यांच्या स्वस्ताईचा जमाखर्च कुणी मांडायचा?

आता तुमच्या व्यवहाराचं. मी लिलावाच्या विरुद्ध नाही. जप्तीची भीती नसेल तर पैसेवालाही घरपट्टी भरत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार. पण तुमच्या गटातल्या कुणी अटी वाचल्यात असं मला वाटत नाही. आपल्या पेपरात बँकांच्या लिलावाच्या जाहिराती येतात ना, 'जे आहे जसे आहे', तसलीच ही विक्री. आत शिरून बघता येत नाही. मिळणारा दस्त हा नुसता काउंटीने आपला हक्क सोडल्याचा कागद, निर्वेध मालकीची हमी नाही. पुढे विकायचं तर आधी कोर्टातून मालकी स्वच्छ करून घ्यावी लागते. चालू वर्षाचा कर लगेच तुमच्या गळ्यात. रिकामं घर असेल तर तांब्याच्या नळ्या, बॉयलर, तारा कुणीतरी आधीच काढून नेलेलं असतं आणि हिवाळ्यात उरलेली नळजोडणी गोठून फुटते. कितीतरी गुंतवणूकदारांनी अशी घरं घेतली, भाडं खाल्लं, कर भरला नाही, आणि तीच घरं दोन-चार वर्षांनी पुन्हा यादीत आली. तुझ्या यादीतल्या काही ओळी मला त्याच वाटतात.

आणि घर रिकामं नसेल तर? यादीत तुम्ही हिरव्या रंगाने खूण केलेल्या घरांपैकी एकाच्या फोटोत पडदे आहेत आणि ओसरीवर मुलाची सायकल. तिथे कुणीतरी राहतंय. मालक असेल, नाहीतर हप्त्याने घर 'विकत' घेतलेला कुणी गरीब असेल, जो दर महिन्याला पैसे भरतोय आणि ज्याच्या नावावर काहीच नाही. असे व्यवहार त्या शहरात सर्रास होतात. बोली जिंकलीस की त्यांना बाहेर काढायचं काम काउंटीचं नाही, तुझं. कोर्टात जायचं, तारीख घ्यायची, आणि मग एके सकाळी त्यांचं सामान रस्त्याकडेला. मी जप्तीला गेलेय. पण तेव्हा माझ्या हातात आदेश असायचा आणि त्या घरातून मला स्वतःला एक पैसा मिळणार नसायचा. तुझ्या बाबतीत दोन्ही नाही.

त्यामुळे एफडी मोडणार नाही. बाबांना मी सांगितलंय, ते थोडे रुसलेत, होतील ठीक.

शहरात घर घ्यायचंच असेल तर डेट्रॉइट लँड बँकेच्या, म्हणजे ओस पडलेली घरं ताब्यात घेऊन विकणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेच्या, रिकाम्या घरांची यादी बघ. तिथे घर ठरावीक मुदतीत दुरुस्त करण्याची अट असते, ती मला आवडली. दोघं स्वतः राहणार असाल तर पैशांचं आपण बघू, सूनबाईलाही विचार. शहर आता सावरतंय असं वाचलं. फोर्डने जुनं मिशिगन सेंट्रल स्टेशन दुरुस्त करून २०२४ मध्ये उघडलं, लोकसंख्याही कितीतरी दशकांनी थोडी वाढली. भाव चढताहेत म्हणूनच तर तुमच्या गटाला घाई झालीय.

आणि त्या पडदेवाल्या घराचं एक काम कर. शनिवारी जाऊन दार वाजव. घर घेणारा म्हणून नको, नुसता जा. त्यांना विचार की करमाफीचा अर्ज भरलाय का. २०२०मध्ये अशी योजना सुरू झाली (अजून चालू आहे का ते बघ) की ज्याला ती माफी मिळते त्याच्या मागच्या थकबाकीतलं व्याज आणि दंड काढून टाकतात आणि उरलेली रक्कम तीन वर्षांत फेडता येते. पण जप्ती कायम झाल्यावर यातलं बहुधा काही उपयोगाचं नसतं आणि लिलावाच्या यादीतल्या घराची ती झालेलीच असते, तरी काउंटी काही ऐकते का ते विचारता यावं म्हणून बोली सुरू व्हायच्या आत जा. अर्जाला उत्पन्नाचा दाखला आणि मालकीचा कागद लागतो. मालकीच्या कागदावरच बहुतेकांची गाडी अडते. आजोबांच्या नावावरचं घर नातवाच्या नावावर कधी झालेलंच नसतं, तिथेही आणि इथेही. फॉर्म मला पाठव, मी वाचून सांगते कुठे काय लिहायचं ते.

तुझी आई