ग्रामसभेआधी ज्येष्ठांची सभा हवी

संपादक महोदय,

2 ऑक्टोबर जवळ आला की ग्रामपंचायतींत पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याची लगबग सुरू होते. ‘आमचा गाव, आमचा विकास’ या नावाने आपल्या राज्यात हे काम 2015-16 पासून चालू आहे. आराखड्याआधी महिला सभा घ्यायची, बालसभा घ्यायची, वंचित घटकांची सभा घ्यायची, असे ठरलेले आहे. मी ग्रामसेविका म्हणून निवृत्त झाले. नोकरीत या सभा मी घेतल्या आहेत आणि त्यांची किंमत मला ठाऊक आहे. एरवी ग्रामसभेत तोंड न उघडणाऱ्या बायका महिला सभेत शौचालयाच्या दाराला कडी नाही इथपासून दारूच्या गुत्त्यापर्यंत सगळे बोलतात. पण साठी ओलांडलेल्यांना एकत्र बसवून ‘गावात काय व्हायला पाहिजे’ असे विचारणारी सभा या यादीत नाही. ती असावी आणि तिचे इतिवृत्त ग्रामसभेत वाचले जावे, एवढ्यासाठी हे पत्र.

म्हातारी माणसे ग्रामसभेला येतातच की, असे कुणी म्हणेल. येतात, हे खरे. 15 ऑगस्टला झेंडावंदनाला ती नेमाने येतात. पुढच्या खुर्च्यांवर त्यांना बसवतात, एखाद्याला शाल-श्रीफळ देतात, फोटो निघतो. मग ग्रामसभा सुरू झाल्याचे माइकवर सांगतात, मागची पोरे पुढे सरकतात आणि ही माणसे काठी सावरत घराकडे निघतात. त्यांना कुणी जा म्हणत नाही. कुणी थांबाही म्हणत नाही. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो, म्हणजे ही माणसेही हक्काने सदस्य आहेत. पण त्यांना बोलावणे जाते ते सत्कारापुरते. त्यात आता दवंडी बंद पडली. सभेची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर येते आणि फळ्यावर एक कागद डकवला जातो. ज्यांच्याकडे साधा फोन आहे, तोही नातवाच्या हातात, त्यांना सभा होऊन गेल्यावर कळते.

निवृत्तीनंतर मी एका ग्रामसभेला नागरिक म्हणून बसले होते. नाल्यावर सिमेंट बंधारा घ्यायचा विषय होता. जागा, अंदाजपत्रक, सगळे तयार होते. एक आजी उठल्या. ऐंशीच्या घरातल्या, पदर डोक्यावर, एक हात भिंतीला. म्हणाल्या, “तिथं पाणी अडंल, पण टिकायचं न्हाई. खाली खडक फुटका हाय. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही तिथंच खोदलंय. वर, चिंचंच्या वळणाला घ्या.” समोरून उत्तर आले, “आजी, इंजिनीअर साहेबांनी बघितलंय ते.” आजी खाली बसल्या. इतिवृत्तात ओळ लिहिली गेली, ‘सर्वानुमते मंजूर.’

बंधारा ठरल्या जागी झाला. पावसाळ्यात भरतो आणि दिवाळीपर्यंत तळ दिसतो. इंजिनीअरचे चुकले असेल किंवा नसेलही, भूगर्भातले मला कळत नाही. पण ज्या बाईने त्या जागी स्वतःच्या हाताने पहार चालवली, तिचे म्हणणे इतिवृत्तात एका ओळीनेही आले नाही, याचे मला फार वाईट वाटते. ते लिहिले गेले असते तर निदान भूजलवाल्यांना बोलावून दोन्ही जागा दाखवता आल्या असत्या. आणि ‘सर्वानुमते’ मधल्या ‘सर्वां’त त्या आजीही मोजल्या गेल्या.

आराखड्याचा साचाच तसा आहे. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने शाश्वत विकासाची ध्येये गावपातळीवर आणण्यासाठी नऊ संकल्पना ठरवून दिल्या. त्यांत बालस्नेही गाव आहे, महिलास्नेही गाव आहे. चांगलेच झाले. ज्येष्ठांचे नाव मात्र सामाजिक सुरक्षेच्या रकान्यात येते, श्रावणबाळ योजनेचे किती, निराधार योजनेचे किती, या आकड्यांत. म्हणजे ज्येष्ठ म्हणजे लाभार्थी. घेणारा हात मोजला जातो, गावाला काही सांगणारे तोंड कुठल्याच रकान्यात बसत नाही. 2011 च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढची 10.38 कोटी माणसे होती आणि त्यांतली 7 कोटींहून जास्त खेड्यांत राहत होती. त्यानंतरच्या वर्षांत तरुण शहरांकडे किती गेले हे गावातल्या कुलूपबंद घरांवरून कुणीही सांगेल. अनेक वाड्या-वस्त्या आज प्रत्यक्षात चालवतात ती म्हातारी माणसेच.

बीड जिल्ह्यातले आष्टी, पाटोदा, धारूर हे तालुके घ्या. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या गाड्या निघतात आणि पुढचे पाच-सहा महिने गावात उरतात म्हातारे आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली नातवंडे. ‘सबकी योजना, सबका विकास’ ही आराखड्याची मोहीम 2018 मध्ये सुरू झाली ती 2 ऑक्टोबर ते 31 डिसेंबर या काळासाठी. म्हणजे आराखडा होतो तेव्हा कर्ती माणसे फडावर असतात. अशा गावात बालसभा घ्यायची आणि त्या मुलांना सांभाळणाऱ्या आजीला विचारायचे नाही, हे मला कधीच पटलेले नाही. कोयता हातात असलेला बाप फोनवरून काय सांगणार? मूल आजारी पडले तर रात्री कुठल्या रस्त्याने न्यावे लागते, शाळेत जायला ओढा किती वेळा ओलांडावा लागतो, हे सहा महिने ती आजी बघत असते.

जुन्या माणसांच्या आठवणीला किंमत द्यायला कायदा शिकलेला आहे, हेही सांगते. वनहक्क कायदा 2006 चा. त्याखालच्या 2008 च्या नियमांत जंगलावरच्या हक्काच्या दाव्यासाठी कोणते पुरावे चालतात याची यादी आहे आणि तीत दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचा लेखी नोंदवलेला जबाब हाही एक पुरावा आहे. सात-बारा नाही, नकाशा नाही, तरी ‘आमच्या आज्यापासून इथे गुरे चारत होतो’ हे म्हाताऱ्याचे सांगणे कागदावर येते आणि त्याला वजन असते. जैवविविधता कायदा 2002 चा, त्यातली लोकजैवविविधता नोंदवही भरायची तर जाणकार वृद्धांकडे बसल्याशिवाय ती भरत नाही. कुठली वनस्पती कुठल्या शेताच्या बांधावर होती आणि कधीपासून दिसेनाशी झाली, हे दुसरे कोण सांगणार? गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्या गावात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुन्हा चर्चेला येतो. अशा पद्धतीत म्हाताऱ्याचा आवाज बारीक आहे म्हणून तो हरवत नाही.

आता एक सावधगिरी, कारण ती न सांगता मी हे मागणे पुढे रेटले तर नुकसानच होईल. ज्येष्ठांची सभा म्हणजे गावातल्या मातब्बर चार-पाच पुढाऱ्यांची बैठक नव्हे. त्यांना बोलायला सभा लागतच नाही, त्यांचे सगळे ऐकतात. तंटामुक्त गाव मोहीम 2007 मध्ये सुरू झाली, गावातले तंटे गावातच समितीने मिटवायचे हा हेतू उत्तम होता, पण कितीतरी गावांत त्या समितीचे अध्यक्षपद निवडणुकीसारखे लढवले गेले. तसे इथे होता कामा नये. मला जी माणसे हवी आहेत ती वेगळी. एकटी राहणारी विधवा, आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधावर राबलेला मजूर, गावठाणापासून दूर पाड्यावरची म्हातारी, मेंढरे राखून आता घरी बसलेला धनगर. ही माणसे ग्रामपंचायतीच्या कार्यालयात येणार नाहीत. तिथल्या पायऱ्याही त्यांना चढवत नाहीत. सभा त्यांच्या वस्तीवर गेली पाहिजे. आणि उन्हे कलण्याआधी घेतली पाहिजे, कारण अंधार पडल्यावर मोतीबिंदूवाला माणूस घराबाहेर पडत नाही.

तरुण सरपंचांना वाटते की म्हाताऱ्यांना विचारले तर ते बाकडी आणि विरंगुळा केंद्र मागतील, नाही तर प्रत्येक नव्या गोष्टीत खोडा घालतील. माझा अनुभव तसा नाही. गेल्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीवर मी काही जणांशी सहज बोलत बसले. बाकड्यांचे नाव कुणी काढले नाही. पहिला विषय पाणी सोडण्याच्या वेळेचा निघाला. नळाला पाणी पहाटे चारला येते. घरात एकट्या असलेल्या बाईला अंधारात, ओल्या फरशीवर हंडे भरावे लागतात, आणि एक जण तशीच पडून खुब्याचे हाड मोडून बसलेली आहे. पाणी सातला सोडायला खर्च किती? काहीच नाही, फक्त पाणी सोडणाऱ्याचे वेळापत्रक बदलायचे. दुसरा विषय आरोग्य उपकेंद्राच्या पायऱ्यांना कठडा. तिसरा, अंगठ्याचा. कष्टाने रेषा झिजल्यात, मशीन अंगठा घेत नाही, रेशनला तीन-तीन हेलपाटे होतात, तर गावात एक दिवस ठरवून डोळ्याच्या मशीनवाला माणूस बोलवा. आणि मग एका म्हाताऱ्याने नव्या अंगणवाडीची जागा बदला म्हणून सांगितले, कारण मोठ्या पावसात ओढा तिथून वाहतो, हे त्याने लहानपणापासून पाहिले आहे. त्यात त्याचा स्वतःचा लाभ काहीच नव्हता. त्याला नातवंडे नाहीत.

म्हणून ग्रामविकास विभागाला विनंती आहे. आराखड्याच्या मार्गदर्शक सूचनांत महिला सभा आणि बालसभेच्या बरोबरीने ज्येष्ठ सभा घाला. ती प्रत्येक वाडी-वस्तीवर वेगळी घ्यायला सांगा, निरोप घरोघर जाऊन द्यायला सांगा. आशाताई आणि अंगणवाडीताईंना कुठल्या घरात कोण अंथरुणाला खिळले आहे ते माहीत असते. पण त्यांच्यावर आधीच कामांचा डोंगर आहे, म्हणून त्यासाठी त्यांना मानधन द्या, फुकट राबवू नका. जे सभेला येऊ शकत नाहीत त्यांचे म्हणणे घरी जाऊन लिहून घ्या. ग्रामसभेत हे इतिवृत्त मूळ शब्दांत वाचा. जी सूचना घेतली नाही तिच्यापुढे का घेतली नाही ते लिहा, आणि ज्याने ती केली त्याला जाऊन सांगा.

शासनाचा आदेश निघेपर्यंत थांबायचीही गरज नाही. अशी सभा घ्यायला कुठल्याही सरपंचाला कायद्याने अडवलेले नाही. इतिवृत्ताची वही आहे, ग्रामपंचायत अधिकारी आहेत, शाळेच्या पडवीत सतरंजी आहे. 2 ऑक्टोबरच्या आधीच्या आठवड्यात एका दुपारी बसता येईल. ज्या ग्रामपंचायती या वर्षी हे करतील त्यांनी आपल्या वृत्तपत्राला कळवावे आणि आपण त्याला जागा द्यावी, ही आपल्यालाही विनंती.

कळावे,
एक निवृत्त ग्रामसेविका