आई, या प्रवासात तू पाणी पिणार आहेस

सिंगापूर, २८ जून

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न.

काल बाबांनी फोनवर विचारलं, "मग आम्ही सिंगापूरला आलो की तिथून क्वालालंपूरला नेणार कशाने?" मी "बघते" म्हणून विषय टाळला, कारण फोनवर ते नीट सांगता आलं नसतं. दादा म्हणतो विमानाने न्या. बाबांना रेल्वे हवी. आणि आई, तुझं नेहमीचंच, "तुम्हाला सोयीचं पडेल तसं करा." तुझ्या त्या वाक्यामुळेच रात्री सगळं आवरल्यावर हे पत्र लिहायला बसले.

मागच्या दिवाळीत आपण मिरजेहून पुण्याला एसटीने गेलो, आठवतं? स्वारगेटला उतरताना तू माझा दंड घट्ट धरलास आणि तशीच फलाटावरच्या बाकावर बसलीस. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणालीस. पाणी द्यावं म्हणून तुझ्या पिशवीतली बाटली काढली, तर तिचं सीलसुद्धा तुटलेलं नव्हतं. सकाळी अर्धा कप चहा, साखरेची गोळी, आणि त्यानंतर पुण्यापर्यंत घोटभर पाणी नाही. का, तर मध्ये उतरायला लागू नये, ड्रायव्हरला थांबवायला सांगायला नको. बाबा पुढच्या सीटवर होते, त्यांना हे माहीतही नव्हतं. मी शेजारी बसून मला कळलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून तुझ्यासाठी कुठलीही गाडी बघताना मी तिकिटाच्या आधी एकच गोष्ट बघते: गाडीत बाथरूम आहे का, आणि तिथवर तुला धरून धरून जाता येईल का.

दादाच्या विमानाचं आधी सांगते. हवेत तासभरच, खरं आहे. पण चांगी विमानतळावर दोन तास आधी पोचायचं, लांबच लांब चालायचं, आणि तिकडे उतरलात की शहर आणखी पन्नास-साठ किलोमीटरवर. तिथून शहरात जायला रेल्वे आहे, अर्ध्या तासात नेते, पण पुन्हा सामान, पुन्हा सरकते जिने. घरापासून हॉटेलपर्यंत धरलं तर पाच तास जातातच, आणि त्यातलं खिडकीतून बघायला काय मिळतं? शिवाय तुम्ही मुंबईहून इथे विमानानेच येणार आहात. एवढ्या लांब येऊन पुन्हा ढगच कशाला बघायचे?

मग बस. इथून क्वालालंपूरच्या बस भरपूर सुटतात आणि फार चांगल्या असतात. एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला एक अशा रुंद खुर्च्या, पाय लांब करता येतात, सुमारे साडेतीनशे किलोमीटर, पाच-सहा तास. रस्ता तर इतका गुळगुळीत की आईला गाडी लागायची नाही. मी स्वतः नेहमी बसनेच जाते. पण तुम्हाला बसने नेणार नाही, आणि त्याचं कारण रस्ता नसून सरहद्दीवरचा नाका आहे.

नाक्यावर काय होतं ते ऐका. वुडलँड्सला सिंगापूरच्या हद्दीत सगळ्यांनी खाली उतरायचं, सरकत्या जिन्याने वर जायचं, पासपोर्ट, अंगठा, पुन्हा जिना उतरून आपली बस शोधायची. मग समुद्रातला भराव, कॉजवे म्हणतात त्याला. १९२४ मध्ये बांधून झालेला, जेमतेम एक किलोमीटरचा. त्याच्या कडेने माणसाएवढे जाड पाइप जातात, पलीकडच्या जोहोरचं, म्हणजे मलेशियाच्या त्या राज्याचं पाणी त्यातून सिंगापूरला येतं. तो ओलांडला की मलेशियाच्या बाजूला पुन्हा उतरायचं, या वेळी सगळं सामान घेऊन, पुन्हा रांग, बॅगा मशीनमधून, आणि पुन्हा एकसारख्या दिसणाऱ्या वीस बसमधून आपल्या नंबरची बस हुडकायची. रांगेला कधी वीस मिनिटं लागतात, कधी दोन तास. जगातल्या सगळ्यात गर्दीच्या नाक्यांपैकी हा एक आहे. रोज लाखो माणसं कामाला इकडून तिकडे करतात.

गेल्या वर्षी परत येताना रांग फार लांब होती. मी बॅग घेऊन बाहेर आले तर बस निघून गेली होती. फलाटावर कंपनीचा माणूससुद्धा नव्हता. मी शहरी बस पकडून क्रांजी स्टेशनला आले आणि तिथून मेट्रोने घरी. मला काही वाटलं नाही. पण त्याच रात्री अंथरुणावर पडल्यावर डोळ्यांसमोर तुम्ही दोघं आलात. आई एका हाताने गुडघा धरून उभी आहे, बाबा "थांब, मी बघतो" म्हणत बसच्या नंबरप्लेटी वाचत पुढे पुढे जात आहेत. मला झोप लागली नाही.

म्हणून बाबा, शेवटी तुमचंच म्हणणं खरं ठरलं. रेल्वेने जायचं.

पूर्वी क्वालालंपूरची गाडी थेट सिंगापूर शहरातल्या तांजोंग पागार स्टेशनात यायची. ३० जून २०११ च्या रात्री तिथून शेवटची गाडी सुटली, आणि ती जोहोरच्या सुलतानांनी स्वतः चालवत नेली. तेच सुलतान इब्राहिम आता मलेशियाचे राजे आहेत. त्या रुळांच्या जागी आता चालायचा रस्ता आहे, तुम्हाला एका संध्याकाळी नेईन. आता गाडी वुडलँड्सपासूनच सुटते. शटल तेब्राउ तिचं नाव, पाच मिनिटांत समुद्र ओलांडते, तिकीट पाच सिंगापूर डॉलर. आणि तिची सगळ्यात मोठी सोय अशी की जाताना दोन्ही देशांचे शिक्के वुडलँड्स स्टेशनातच होतात, गाडीत बसायच्या आधी. एकदा बसलात की पलीकडे जोहोर बारूला नुसतं उतरायचं. येताना मलेशियाचं काम जोहोर बारूला होतं आणि सिंगापूरचं वुडलँड्सला उतरल्यावर. ते त्या गाडीचं शेवटचं स्टेशनच आहे, त्यामुळे रांगेला कितीही वेळ लागो, आपल्याला सोडून निघून जाणारं कुणी नाही. हे मला फार मोलाचं वाटतं. तिची तिकिटं मात्र भराभर संपतात. महिनाभर आधी बुकिंग उघडतं, त्या दिवशी मी फोन घेऊन बसणार आहे. समुद्रावरून नवीन मेट्रोही या वर्षअखेरीस सुरू व्हायची आहे, पण आपण तिची वाट बघायची नाही.

जोहोर बारूहून क्वालालंपूरला विजेची गाडी आहे, ईटीएस. आधी गेमास नावाच्या जंक्शनला गाडी बदलावी लागायची, गेल्या डिसेंबरपासून थेट झाली. साधारण साडेचार तास. डब्यात बाथरूम आहे, खाण्याचा डबा आहे, मधली वाट सपाट आहे. आणि बाबा, नीट वाचा, हा सगळा मार्ग मीटरगेज आहे. मीटरगेजवर ती गाडी ताशी १४० किलोमीटरने धावते. मिरजेत तुम्ही ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही गाड्यांची पार्सलं हाताळलीत. लोंढ्याची मीटरगेज कशी डुलत यायची ते तुम्ही लहानपणी मला हाताने करून दाखवायचात. म्हणून मला तुम्हाला या गाडीत खिडकीशी बसवायचंच आहे. रूळ बदलतानाचा आवाज ऐकून तुम्ही काय म्हणता, ते मला ऐकायचं आहे.

दिवस मी असे धरलेत. ९ ऑगस्टला इथला राष्ट्रीय दिन, सोमवारी त्याची सुट्टी, म्हणजे त्या आठवड्यात नाक्याकडे फिरकायचंही नाही. शुक्रवार संध्याकाळ आणि शनिवारही नको. आई, १७ तारखेला श्रावणी सोमवारचा तुझा उपास सुटला की १८ ला, मंगळवारी सकाळी निघू. मी रजा टाकली आहे, तुम्हाला एकटं पाठवणार नाही. गाडीत एसी फार गार असतो, तुझी ती तपकिरी शाल वरच्या पिशवीतच ठेव. दशम्या आणि चटणी मी करून घेईन, श्रावणाचं कांदा-लसणाचंही सांभाळता येईल.

क्वालालंपूरला दोन रात्री. बटू केव्हजला लोकल थेट जाते, स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच एकशे चाळीस फुटी मुरुगन, म्हणजे आपला कार्तिकस्वामी. वर गुहेत जायला २७२ पायऱ्या आहेत. आई, तू त्या चढायच्या नाहीत. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण तिथे गेल्यावर तू "एवढं आलोय तर" म्हणशील. आपण दोघी खाली बसू, बाबांना वाटलं तर ते जाऊन येतील.

तिथून मलाक्का, दोन तास. इथे रेल्वे कामाची नाही, स्टेशन शहरापासून खूप लांब आहे. तेवढ्यापुरती आपण गाडी भाड्याने करू, म्हणजे तू म्हणशील तिथे थांबता येईल. मलाक्का मला तुम्हाला दाखवायचंच आहे. पोर्तुगीज अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी मलाक्का. ओल्ड गोव्याच्या चर्चमध्ये सेंट झेवियरची चांदीची पेटी बघताना बाबा किती वेळ उभे होते! तो देह गोव्याला नेण्याआधी १५५३ मध्ये काही महिने मलाक्काच्या टेकडीवरच्या चर्चमध्ये पुरलेला होता. ती रिकामी जागा अजून आहे. आणि आईसाठी तिथे १७८१ चं गणपतीचं देऊळ आहे, सोनारांच्या गल्लीत, जवळच मशीद आणि चिनी देऊळ. देवळासमोर सपाट रस्ता आहे, पायऱ्या नाहीत.

परतताना मलाक्काहून जोहोर बारूपर्यंत बस घेऊ, सुमारे तीन तास. मध्ये हायवेवर थांबा असतो, बाथरूम स्वच्छ असतात, मी बघितली आहेत. नाका मात्र पुन्हा शटलनेच ओलांडायचा.

आता कागदपत्रं. सिंगापूरचा व्हिसा येईल त्यावर मल्टिपल एन्ट्री लिहिलं आहे का, ते बाबांनी चष्मा लावून वाचायचं आणि मला फोटो पाठवायचा. नाहीतर मलेशियातून परत सिंगापुरात येता येणार नाही. मलेशियाला आपल्याला ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत व्हिसा लागत नाही, तीस दिवस राहता येतं. फक्त निघायच्या आधी तीन दिवसांत ऑनलाइन फॉर्म भरायचा, परत येताना सिंगापूरचाही तसाच. दोन्ही फुकट आहेत आणि दोन्ही मी भरीन, तुम्ही कुणालाही पैसे देऊ नका. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत.

बाबा, तंबाखूची पुडी मिरजेतच राहू द्या. इथे आणायला बंदी आहे, दंड मोठा आहे, आणि तशीही ती सुटावी अशी माझी फार इच्छा आहे. आई, अधिकातलं जावयाचं वाण राहिलं म्हणून अनारसे आणणार म्हणालीस ना, जरूर आण, पण खसखस न लावता. इथे खसखशीला अमली पदार्थांच्या खात्याची बंदी आहे. रव्यावर थापलेस तरी चालतील, जावई तसेही खातो.

आणि आई, तुझ्यासाठी एक निळी बाटली आणून ठेवली आहे, झाकण अंगठ्याने दाबलं की उघडतं, फिरवावं लागत नाही. ईटीएसमध्ये बाथरूमच्या जवळचीच सीट बघते. व्हिसाचा फोटो बुधवारपर्यंत पाठवा.

तुमची,
मनू