आधी थांबायला शिकवणाऱ्या काकाजींना

आदरणीय काकाजी,
सादर नमस्कार.

नौदलातून निवृत्त होऊन आपण गावी परतलात आणि वैनगंगा नदीवरील गोसेखुर्द धरणाच्या जलाशयात आम्हाला शिडाची होडी चालवायला शिकवलीत, त्याबद्दल हे जाहीर आभारपत्र. पवनी तालुक्यात मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांचा डोंगा, म्हणजे लहान नाव, सर्वांच्या परिचयाचा आहे; शीड मात्र आमच्यापैकी कोणी हाताळलेले नव्हते. होडी वेगात कशी न्यायची तेच आधी शिकायला मिळेल, अशी आमची समजूत होती. आपण आधी थांबायला शिकवलेत.

शिडाची दोरी सैल सोडली की शीड फडफडते आणि होडीचा जोर ओसरतो, म्हणून ती दोरी गाठ मारून बांधायची नाही, हा पहिला पाठ. दुसरा पाठ उलटण्याचा. प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून पाहिल्यावर आपण काठाजवळ होडी मुद्दाम उलटवायला लावलीत आणि दोरी मोकळी करून, होडीचे तोंड वाऱ्याकडे वळवून, तळाच्या उभ्या फळीवर भार देऊन ती सरळ करायला लावलीत. उलटलेली होडी तरंगत राहते व शोधणाऱ्याला दुरून दिसते, तर पोहणाऱ्याला काठ आहे त्यापेक्षा जवळ भासतो. म्हणून पट्टीच्या पोहणाऱ्यानेही होडी सोडू नये, हे आपण इतक्यांदा वदवून घेतलेत की काहींना त्याचा कंटाळाच आला होता. वाऱ्याच्या थेट तोंडावर होडी जात नाही, साधारण ४५ अंशांचा कोन राखून नागमोडी पुढे सरकावे लागते, हे तंत्र त्यानंतर पुष्कळ सोपे गेले.

समुद्रावरचे ज्ञान आपण इथे जसेच्या तसे लादले नाहीत, याचे मला विशेष वाटते. बुडालेल्या झाडांचे बुंधे, जाळी आणि जलपर्णी कुठे आहे, हे आपण डोंगा चालवणाऱ्यांकडून समजून घेतलेत. मृगाआधीच्या दुपारी आभाळ काळवंडले किंवा पाण्यावरून गडद तरंगांचा पट्टा सरकत येताना दिसला की काठ गाठायचा, हा आपला दंडक होता. धरणाला ३३ दरवाजे आहेत व ते उघडल्यावर खालची वैनगंगा झपाट्याने चढते, म्हणून त्या पात्रात होडी न्यायला आपण साफ मनाई केलीत.

आपले पाहून डोंग्यातून जाणारी काही तरुण मुलेही आता लाइफ जॅकेट घालू लागली आहेत. पावसाळ्यानंतर नवी मुले शिकायला येतील. उलटण्याचा पाठ त्यांना आपल्याच हातून मिळावा, ही विनंती.

आपली नम्र,
एक विद्यार्थिनी