कासचे रंग आणि संगणकावरचे रंग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस ओसरू लागला की वाचकांनी टिपलेली कासच्या पठाराची छायाचित्रे आपल्या पानांवर येऊ लागतात. यंदा त्यांतील काहींमध्ये गुलाबी तेरडा गर्द जांभळा आणि पिवळीधमक सोनकी चक्क नारिंगी झालेली पाहून, दरवर्षी पठारावर जाणाऱ्या माझ्यासारख्यालाही ती फुले क्षणभर ओळखता आली नाहीत. संगणकावर रंगांचा भडकपणा वाढवणारी ‘सॅच्युरेशन’ची पट्टी शेवटच्या टोकापर्यंत ओढल्याचा हा परिणाम असावा.

तजेलदार रंग हवेसे वाटण्यात गैर काहीच नाही. पण ते टिपतानाच मिळवावे लागतात. भिजलेल्या पानांवर आभाळाची पांढरट चकाकी पडते आणि खालचा रंग झाकते. भिंगापुढे पोलरायझिंग फिल्टर लावून तो हळूहळू फिरवला की ही चकाकी बरीचशी उतरते आणि हिरवा रंग डोळ्यांदेखत गडद होतो; नंतर पट्टी कितीही ओढली तरी हे साधत नाही, कारण चकाकीखालचा रंग कॅमेऱ्याने नीट नोंदवलेलाच नसतो. (हा फिल्टर एक-दोन स्टॉप, म्हणजे निम्मा ते पाऊण, प्रकाश खातो, त्यामुळे वाऱ्यावर डुलणाऱ्या फुलांसाठी कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनक्षमता ठरवणारा आयएसओ वाढवावा लागतो, एवढाच त्रास.) सोनकी टिपताना एक्स्पोजर (कॅमेऱ्यात शिरणारा प्रकाश) किंचित कमी ठेवणे बरे, नाहीतर पाकळ्यांवरच्या रेषा पुसल्या जाऊन नुसता पिवळा डाग उरतो. वाढवलेले सॅच्युरेशनही नेमके हेच नुकसान करते.

फिल्मच्या काळात सगळे रंग सोवळे होते, असा माझा दावा नाही. १९९० साली आलेली फुजीची वेल्व्हिया ही स्लाइड फिल्म भडक रंगांसाठीच प्रसिद्ध होती आणि मीही ती हौसेने वापरली. मात्र स्लाइडवर चूक सुधारायला फारसा वाव नसे, म्हणून पातळ ढगांची वाट पाहत तासन् तास बसावे लागे.

शिवाय पडद्यावर झळाळणारा जांभळा रंग छपाईच्या चार शायांत मावत नाही आणि शाई शोषणाऱ्या वृत्तपत्राच्या कागदावर तो मळकट उतरतो, हे आपल्या छपाई विभागाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. तेव्हा पुढील हंगामात छायाचित्रे मागवताना, संस्करण केलेल्या प्रतीबरोबर कॅमेऱ्यातील मूळ फाइलही पाठवण्याची अट घालावी, म्हणजे निवड करताना दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतील.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा